देवनागरी टंकलेखन यंत्राची घरगुती दुरुस्ती आणि रंगकाम

प्रश्न : रत्नागिरीकर

माझ्या वडिलांच्या टंकलेखन संस्थेतले गोदरेजचे एक मराठी यंत्र आता माझ्याकडे आले आहे. कोकणातले कितीतरी पावसाळे ते माळ्यावर पडून होते. त्यामुळे काही कळा दाबल्यावर टाइप वर जातो, पण खाली परतत नाही. कॅरेज, म्हणजे रोलर आणि कागद घेऊन आडवा सरकणारा वरचा भाग, जागचे हलत नाही. रबरी रोलर कडक होऊन चकाकू लागला आहे आणि वरच्या झाकणाचा रंग कडेने सुटून खालचा गंज दिसतो. हे यंत्र शोभेला ठेवायचे नाही, त्यावर पुन्हा पत्रे लिहायची आहेत. ओळखीचे लोक सगळीकडे भरपूर तेल सोडायला सांगतात. संपूर्ण यंत्र सुटे करणे आवश्यक आहे का, तेल कोणते वापरावे आणि जुना रंग खरवडून नवा द्यावा का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : जुनी यंत्रे

तेलाची बाटली तूर्त बाजूला ठेवावी, ही कळकळीची विनंती. सर्व टाइपबार, म्हणजे टोकाला अक्षराचा टाइप असलेल्या दांड्या, ज्या अर्धवर्तुळाकार खाचांच्या पट्टीत, म्हणजे सेगमेंटमध्ये, बसवलेले असतात, तिथे जुने तेल, धूळ आणि रिबनची शाई यांचा चिकट थर साचतो आणि कळा अडकतात. त्यावर नवे तेल सोडले, तर दोन दिवस यंत्र हलके चालते, पण पुढे तेच तेल धूळ धरून ठेवते आणि दोष अधिक पक्का होतो. रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन लहान ब्रशने खाचांमध्ये सोडावे, प्रत्येक कळ वारंवार चालवावी, सुटलेला मळ कापडाने टिपून घ्यावा आणि टाइपबार हाताने उचलून सोडल्यावर स्वतःच्या वजनाने खाली पडेपर्यंत हे करत राहावे. रॉकेलनेही मळ सुटतो, परंतु मागे तेलकट पापुद्रा राहतो. काम मोकळ्या हवेत आणि विस्तवापासून दूर करावे. सेगमेंट कोरडाच ठेवायचा असतो. शिलाई मशीनचे तेल फक्त कॅरेजच्या रुळांवर, तेही कापडाच्या टोकाने पुसल्याइतकेच, लावावे.

कॅरेजसाठी प्रथम त्याची कुलूप-कळ आणि मार्जिनचे अडसर पाहावेत. नंतर मागच्या बाजूला स्प्रिंगच्या डबीपासून कॅरेजच्या टोकापर्यंत जाणारी दोरी किंवा पट्टी शाबूत आहे का, ते तपासावे, कारण कॅरेज ओढण्याचे काम तीच करते. ती तुटली असेल, तर मासेमारीची मजबूत, न ताणणारी विणलेली दोरी चालते. डबीला वेढे थोडे थोडे द्यावेत आणि ओळीच्या शेवटच्या अक्षरापर्यंत कॅरेज ओढले जाईल इतकाच ताण ठेवावा. डबी मात्र उघडू नये. आतली स्प्रिंग उसळून हाताला गंभीर इजा होऊ शकते.

संपूर्ण यंत्र सुटे करण्याची गरज नाही. बाहेरची झाकणे काढणे पुरेसे आहे. स्क्रू काढण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत आणि खाचेच्या रुंदीचाच पेचकस वापरावा.

उत्तर : मात्रा आणि वेलांटी

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मराठी यंत्रापुरती काही भर घालतो. अनुस्वार, मात्रा, उकार, रफार अशा चिन्हांच्या कळा मुद्दाम अशा बनवलेल्या असतात की चिन्ह उमटते, पण कॅरेज पुढे सरकत नाही. म्हणून कॅरेजची परीक्षा स्पेसबारने आणि साध्या अक्षरांनी करावी, अन्यथा नसलेला दोष शोधण्यात वेळ जाईल. याउलट, अर्ध्या अक्षरापुढे काना जोडून पूर्ण अक्षर तयार होत असल्यामुळे कॅरेजचे सरकणे जरा चुकले, तरी दोघांमध्ये फट दिसते. शिफ्ट दाबून आणि न दाबून आलटून पालटून अक्षरे टंकित करावीत. शिरोरेषा वरखाली होत असेल, तर शिफ्टच्या थांब्यांचे स्क्रू जुळवावे लागतील. हे काम सफाई पूर्ण झाल्यानंतरच करावे, कारण पुष्कळदा मळ निघताच रेषा आपोआप जुळते.

टाइपचे मुखही कडक टूथब्रशने स्वच्छ करावे. अक्षरांच्या बंद पोकळीत शाई साचली की ‘व’ आणि ‘ब’ कागदावर सारखेच दिसू लागतात. तिथे लाकडी टोकदार काडी वापरावी. सुईने अक्षराच्या कडेला ओरखडा पडतो.

उत्तर : रंगकाम

नव्या रंगाची घाई करू नये, असे माझे ठाम मत आहे. गोदरेजने 1955 मध्ये टंकलेखन यंत्रे बनवायला सुरुवात केली आणि 2009 मध्ये ते उत्पादन थांबले. त्यामुळे मूळ रंगाचे, मूळ नाममुद्रेचे झाकण एकदा खरवडले की पुन्हा मिळणार नाही. सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या कापडाने ते पुसावे आणि कोरडे झाल्यावर मोटारीचे मेण लावावे. स्पिरिट नाममुद्रेजवळ अजिबात नेऊ नये. ती विरघळून जाण्याचा धोका असतो.

गंज कडेपुरताच असेल, तर तेवढाच भाग बारीक वॉटर पेपरने ओला ठेवून घासावा. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडी धूळ उडवू नये आणि मास्क लावावा. त्यावर प्रायमर आणि जुळणाऱ्या छटेच्या ड्युकोचे, म्हणजे मोटारींना फवारून देतात त्या रंगाचे, पातळ हात द्यावेत. प्रत्येक हात पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा देऊ नये, आणि रत्नागिरीच्या हवेत हे काम पावसाळ्यात काढूच नये. फवारणी करताना झाकण यंत्रापासून वेगळे असलेच पाहिजे. सुटे लोखंडी स्क्रू व्हिनेगरमध्ये ठेवून गंज काढता येतो, पण स्प्रिंगा आम्लात कधीही टाकू नयेत, कारण त्या ठिसूळ होऊन तुटतात.

रत्नागिरीकर

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. झाकणाचा रंग तसाच ठेवतो. रोलरचे मात्र काय करावे?

उत्तर : जुनी यंत्रे

बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवल्यास कागद घसरणे थोडे कमी होते, पण कडकपणा जात नाही. तोवर कागदाच्या मागे एक जादा कागद लावावा, म्हणजे टाइपचा मार मऊ पडेल आणि आवाजही उतरेल. कायमचा उपाय हवा असेल, तर छापखान्याच्या रोलरवर रबर चढवून देणाऱ्या कारागिराकडे तो न्यावा आणि मूळ व्यास कॅलिपरने मोजून लिहून द्यावा; व्यास बदलला, तर ओळींमधले अंतर आणि अक्षरांचा ठसा दोन्ही बिघडतात. कागद दाबून धरणारे खालचे छोटे रोलरही त्याच वेळी तपासून घ्यावेत. रिबन 13 मिलिमीटर रुंदीची घेऊन जुन्याच स्पुलांवर गुंडाळावी, आणि तिच्या टोकांजवळ धातूच्या कड्या असतील, तर त्या काढू नयेत, कारण रिबनची दिशा त्यांच्यामुळेच उलटते.