शाळेत हाताने करून शिकलेला इतिहास-भूगोल : तुमचे अनुभव

घाटमाथा
संध्याकाळी भाजीला बटाटे चिरत होते. सातवीतला लेक ओट्याला टेकून घोकत होता, 'समान उंचीची ठिकाणं जोडणारी रेषा म्हणजे समोच्च रेषा.' मला हे कधी घोकावं लागलं नाही. आमच्या बाईंनी वर्गात बटाटेच आणायला लावले होते. अर्धा बटाटा पालथा ठेवला की झाला डोंगर. वरून दोन दाभणं आरपार खुपसून काढायची, मग आडव्या चकत्या पाडायच्या. सगळ्यात मोठी चकती कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची, मग भोकावर भोक जुळवून त्याहून लहान, मग आणखी लहान. माझ्या बटाट्याची एक बाजू उभी होती, तिकडे रेषा चिकटून आल्या. बाईंनी तिथेच बोट ठेवलं, "इथून चढशील का गं?" कागद वाळल्यावर पापडासारखा कडक झाला होता. अजूनही ट्रेकचा नकाशा उघडला की आधी रेषा कुठे चिकटल्यात ते बघते.
पाचवी ते आठवीतलं असं काहीही लिहा. नागरिकशास्त्रसुद्धा.

फोंडेकर
सरांनी वर्गात जनमत कौल घेतला होता, १६ जानेवारी १९६७ चा. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे गोवा वेगळा. आधी घरच्यांना विचारून यायचं, कोणी कशाला मत दिलं आणि का. आजोबा फूलवाले, हे सगळ्यांना माहीत. आजीने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं की तिने दोन पानांवर शिक्का मारला होता! आजोबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "३४ हजारांनी हरलो, त्यातली एक घरातच होती तर." नागरिकशास्त्राचं पुस्तक आठवत नाही, आजीचा तो चेहरा आठवतो.

रानजाई
@फोंडेकर आजी __/\__
आमच्याकडे पृथ्वीगोल कपाटात कुलूपबंद, फुटेल म्हणून. आठवी संपेपर्यंत हात लागला नाही. आता मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते, गोल टेबलावरच असतो. दोनदा आसातून निखळला, दोनदा मुलांनीच बसवला.

अळीव
शाळेतलं नाही, पण दिवाळीचा किल्ला चालेल का? चुलतभावाने बुरुजावर मोहरी पेरली, मी अळीव. अळीव आधी उगवले. तो अजून मानत नाही.

सह्यकडा
मोहरीच आधी येते.

अळीव
भिजवून पेरा एकदा.

मध्यान्ह
पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या मध्यात, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसऱ्यांदा जुलैअखेर, तेव्हा आभाळ भरलेलं. म्हणून सरांनी मे महिन्यात सुट्टीतच गच्चीवर बोलावलं. स्टीलचा उभा डबा मधोमध. साडेबाराच्या सुमारास सावली डब्याखाली शिरली आणि सगळे ओरडलो. नागपूरच्या मावसबहिणीला फोन केला तर तिच्याकडे अजून सावली! तिची पाळी मेअखेर आली. अक्षांश म्हणजे काय ते त्या फोनवर कळलं.

घाटमाथा
@मध्यान्ह किती छान! सुट्टीत पोरांना बोलावणारे सर म्हणजे ग्रेटच.

खापर
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. सहावीत सरांनी मैदानाच्या कोपऱ्यात खड्डा करून थर भरले होते: तळाला खापरं, वर बांगड्यांचे तुकडे, त्यावर नाणी. आम्ही सुतळीने चौकोन आखून ब्रशने माती काढायची, कुठल्या थरात काय सापडलं ते वहीत लिहायचं. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी घोड नदीकाठी इनामगावला असंच थराथराने खणलं, हे सांगितलं. तिथे घरांच्या जमिनीखाली रांजणात पुरलेली लहान मुलं सापडली, हे ऐकून वर्ग गप्प झाला होता. एक मुलगी हळूच म्हणाली, "आईला जवळ हवं असेल."

रानजाई
@खापर हे वाचून डोळे भरले. पुढच्या आठवड्यात खड्डा करतेय. खोली किती ठेवली होती?

खापर
गुडघाभर. पावसाआधी करा, चिखलात थर कळत नाहीत.

सह्यकडा
@घाटमाथा दाभण नाही घरी. विणायची सुई चालेल का? लेकीची परवा चाचणी आहे.

घाटमाथा
चालेल. जाड असली तर बटाटा मोठा घ्या, नाहीतर चिरतो. आमचा आत्ताच कापून झाला, लेक रेषा काढत बसलाय. भाजी राहिली.