वळताना पुढून घरघर: कानावर भरवसा ठेवायचा की जॅकवर?

खडखड_नको

सेकंडहँड एसयूव्ही घेऊन चार महिने झाले. दुसऱ्याच आठवड्यात उजवीकडे वळताना पुढून घरघर यायला लागली, जात्यात मूठभर वाळू पडावी तशी. मेस्त्रीने एक फेरी मारली आणि गाडीतून उतरायच्या आधीच निकाल दिला, "डावं बेअरिंग गेलंय." बदललं. घरघर गेली, पण हळू वळताना खरवडल्यासारखा एक आवाज राहिला. परत गेलो तर म्हणे, "मग उजवंही गेलं असेल." हा 'असेल' ऐकला आणि गाडी वळवून घरी आलो.

माझं मत स्पष्ट आहे. आवाज ऐकून पार्ट बदलणं म्हणजे निदान नव्हे, तो मटका आहे. पुढच्या बाजूला वळताना वाजू शकणाऱ्या गोष्टी काही कमी नाहीत: चाकाचं बेअरिंग, ड्राइव्ह शाफ्टचा सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही ताकद पोचवणारा सांधा), शॉकअपच्या वरचं माउंट, बॉल जॉइंट, झिजलेले ब्रेक पॅड, डिस्कमागचा पत्रा, स्टिअरिंगचा पंप, नाहीतर लायनरला घासणारा टायर. गाडी जॅकवर न घेता यातलं एक नाव छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास का ठेवायचा?

दहाबाराचा_पाना

असहमत. आयुष्य गाड्यांखाली आडवं पडून गेलंय म्हणून लिहितो. कान बदनाम करू नका, कान हेही अवजारच आहे. मात्र नुसतं ऐकून भागत नाही, आवाजाला प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न, गाडी उभी असताना नुसतं स्टिअरिंग फिरवलं तर येतो का? येत असेल तर चाकाचं बेअरिंग विसरा, चाक फिरतच नाहीये. माउंट, बॉल जॉइंट किंवा स्टिअरिंग हायड्रॉलिक असेल तर पंप बघा. स्टिअरिंग लॉकपर्यंत, म्हणजे टोकापर्यंत, नेल्यावर पंप कण्हतो, तेल कमी असेल तर जास्तच. दुसरा, चाक पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिल्यावर कट-कट-कट होतं का? तो बाहेरचा सीव्ही जॉइंट. तिसरा, वेग वाढला की सूर चढतो आणि चालत्या गाडीत न्यूट्रल केलं तरी तसाच राहतो का? म्हणजे इंजिन सुटलं, बहुधा बेअरिंग किंवा टायर उरला. अशा आवाजात उजवीकडे वळताना वाढतो आणि डावीकडे वळताना दबतो म्हटल्यावर डावं बेअरिंग धरायचं, कारण वळताना गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो. तुमच्या मेस्त्रीने त्या एका फेरीत बहुधा हेच केलं. आणि घरघर गेली हे तुम्हीच लिहिलंय.

आता मला एक सांगा, तो खरवडण्याचा आवाज राहिला, की नव्याने आला?

चाकाखालचा_दगड

पानासाहेबांचा शेवटचा प्रश्न लाख मोलाचा. बाकी मात्र अर्धवट पटलं. बाहेरच्या चाकाचा नियम चांगला आहे, पण तो काही शिलालेख नाही. आवाज सस्पेन्शनमधून आणि बॉडीतून असा फिरून येतो की सीटवर बसलेल्याला डावं-उजवं उलटं वाटू शकतं. टायर वेडावाकडा झिजला असेल तर तोही हुबेहूब बेअरिंगसारखा घुमतो. पुढचे टायर मागे टाकून बघा, आवाज मागे गेला तर बेअरिंगचे पैसे वाचले.

पण जॅकवर घेतलं की सगळं कळतं, हा धागाकर्त्याचा भ्रमही दूर करतो. चाक घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवायचं, प्ले (ढिलेपणा) आला तरच बेअरिंग खराब, हे सगळे सांगतात. माझ्या गाडीत तसूभर प्ले नव्हता आणि तरी बेअरिंग गेलेलं होतं. सापडलं कसं? एका हाताने चाक फिरवलं, दुसऱ्या हाताची बोटं शॉकअपच्या स्प्रिंगवर ठेवली. चांगल्या बाजूला काही लागत नाही. खराब बाजूला स्प्रिंगमधून बारीक किरकिर बोटांना कळते, दळणाऱ्या गिरणीच्या भिंतीला हात लावल्यासारखी. कानाला मात्र तेव्हा काहीच ऐकू येत नव्हतं.

(गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, स्टँड लावा.)

बोनेट_बंद

एवढा काथ्याकूट कशाला? जुनी गाडी आहे, आधीच्या मालकाने काय करून ठेवलंय कोण जाणे. दोन्ही बेअरिंग, दोन्ही शाफ्ट, दोन्ही बाजूचे बॉल जॉइंट, पॅड, सगळं एकदाच बदला आणि सुखाने गाडी चालवा.

दहाबाराचा_पाना

@बोनेट_बंद, हे तर कानाने बदलण्यापेक्षाही वाईट. पॅड जोडीने बदलायचेच, तिथे दुमत नाही. पण चांगलं बेअरिंग उगाच काढायला जाऊ नका. प्रेसने बसवायचं बेअरिंग काढताना मरतंच, ते परत वापरता येत नाही. नवं बसवताना चुकीच्या रिंगवर दाब दिला तर त्याच दिवशी गोळ्यांचे ठसे रेसवर (त्या फिरतात त्या वाटेवर) उमटतात आणि महिन्याभरात नवं बेअरिंग घुमायला लागतं. ज्या बेअरिंगच्या सीलमध्ये एबीएसची चुंबकी रिंग असते ते उलटं बसलं तर मीटरवर एबीएसचा दिवा, ते वेगळंच. दोन्ही शाफ्ट चांगले असताना काढून स्वस्तातले बसवलेत तर आज नसलेला आवाज उद्या विकत घ्याल.

बोनेट_बंद

स्वस्तातले कोण म्हणालं? चांगलेच घालायचे. दर महिन्याला अर्धा दिवस गॅरेजच्या बाकावर बसायची माझी तयारी नाही, एवढाच मुद्दा.

माती_आणि_मी

एक मूलभूत प्रश्न कोणीच विचारला नाही. गाडी टू व्हील आहे की फोर व्हील? फोर व्हील असेल तर मधलं डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं) असलेली, की लिव्हर टाकून जोडायची जुन्या पद्धतीची?

जुन्या पद्धतीत पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारे दांडे) एकमेकांना कुलूपबंद होतात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावर चालतात, म्हणजे त्यांना जास्त फिरायचं असतं. मातीत चाक घसरतं आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, मग गाडी आखडते, कण्हते, टायर चिर्र करतात. सेकंडहँड गाडी घेणारे कित्येकजण फोर हायमध्येच (चारही चाकं जोडलेली ठेवून) गाडी घरी आणतात आणि बेअरिंग बदलत बसतात.

दुसरी भानगड पुढच्या हबची, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाची. काही गाड्यांत हब व्हॅक्यूमवर जोडतो-सुटतो. नळीला चीर पडली की तो धड जोडलेलाही नसतो आणि धड सुटलेलाही नसतो, दाते दात्यांवर घासतात. तो आवाज ऐकला तर पानासाहेबही पहिल्या झटक्यात बेअरिंग म्हणतील.

दहाबाराचा_पाना

नाही म्हणणार. पण मुद्दा बरोबर आहे, लिव्हर कुठे आहे ते आधी मीच विचारायला हवं होतं. ही चूक माझ्या खात्यावर मांडा.

खडखड_नको

सर्वांचे आभार. लिव्हरची फोर व्हील आहे, पण टू हायमध्येच (दोनच चाकांवर) चालवतो. खात्रीसाठी लिव्हर दोनदा टाकून काढली, आवाज तोच.

पानासाहेबांचा प्रश्न दोन दिवस डोक्यात घोळत होता. खरं सांगायचं तर आधी घरघर एवढी मोठी होती की तिच्याखाली खरवड होती की नव्हती, सांगता येत नाही. शेवटी आज स्टँड लावून डावं चाक काढलं. डिस्कमागच्या पत्र्याची खालची कड डिस्ककडे वाकलीय, आणि डिस्कच्या मागच्या बाजूला, अगदी काठाजवळ, पेन्सिलीने ओढावी तशी एक चकचकीत रेघ. पत्र्यावर त्याच उंचीला गंज खरवडून लोखंड उघडं पडलेलं. हब काढताना किंवा बसवताना कोणीतरी पत्रा दाबला असणार. स्क्रू-ड्रायव्हरने डिस्कपासून लांब ओढला. फेरी मारली. शांतता!

म्हणजे दुसरं बेअरिंग बदललं असतं तर पैसे गेले असते आणि खरवड जिथल्या तिथे राहिली असती. 'असेल'वर गाडी दुरुस्त होत नाही, हे माझं म्हणणं कायम.

अवांतर: उत्साहाच्या भरात उजवं चाकही काढलं. तिकडच्या सीव्ही बूटच्या (जॉइंटवरच्या रबरी आवरणाच्या) घड्यांमध्ये एक आडवी चीर आहे आणि रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे. जॉइंट अजून वाजत नाहीये.

चाकाखालचा_दगड

बाडिस (बाय डीफॉल्ट सहमत), आणि अभिनंदन. पण बूट लगेच बदला. आत्ता ग्रीस बाहेर जातंय, पुढे पाणी आणि माती आत जाईल. ॲक्सलचा नट परत बसवताना नवा घ्या आणि मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क पान्याने आवळा, पाइप लावून अंदाजाने नको.

दहाबाराचा_पाना

पत्रा सापडला, छान झालं. दुसऱ्या वेळी तुमच्या मेस्त्रीने चाक न काढता 'असेल' म्हणायला नको होतं. पत्रा त्याच्याच हातून वाकला असेल तर त्याने दोन मिनिटं वाकून बघायचं होतं. इथवर तुमच्याबरोबर.

पण एक विचारतो. जुनं बेअरिंग परत मागून घेतलंत का?

खडखड_नको

घेतलं. पिशवीत आहे.

दहाबाराचा_पाना

हब दाबून काढताना बेअरिंग सुटतं, त्यामुळे रेस उघड्या असतील. रॉकेलने ग्रीस धुवा आणि उजेडात तिरपं धरून बघा. गोळ्या जिथून फिरतात ती वाट आरशासारखी हवी.

खडखड_नको

धुतलं. बाहेरच्या रिंगवर, एका बाजूला, करंगळीच्या नखाएवढा खड्डा आहे. पापुद्रा सुटल्यासारखा, कडा धारदार. बोट फिरवलं की अडकतं.

मान्य, पहिलं निदान बरोबर होतं. पण तो खड्डा बेअरिंग काढल्यावर दिसला, आधी नाही.

दहाबाराचा_पाना

आधी कसा दिसेल, राव? बंद डब्यात असतो तो. म्हणून तर ऐकायचा.

चाकाखालचा_दगड

किंवा स्प्रिंगवर बोट ठेवायचं.

खडखड_नको

बूट मागवलाय. क्लिप पकडीने दाबायच्या येतात आणि पट्टी ओढून आवळायच्याही येतात असं दिसतंय. घरी बसवायच्या तर कोणत्या घेऊ?