मदत हवी आहे: हाताने स्क्रेपिंग करण्याचे कसब शिकाऊ फिटरच्या हातात कसे उतरवावे?

नमस्कार,

जुन्या लेथ, मिलिंग आणि ग्राइंडिंग मशीनची पुनर्बांधणी करणारा आमचा लहान कारखाना आहे. झिजलेल्या बेडचे (मशीनच्या मुख्य पायाचे) आणि स्लाइडचे (त्यावर सरकणाऱ्या भागाचे) पृष्ठभाग हाताने स्क्रेप करून पुन्हा सरळ व समतल करणे हे त्यातले सर्वांत नाजूक काम असून, ते आज एका ज्येष्ठ मिस्त्रींवर अवलंबून आहे. त्यांची निवृत्ती जवळ आली आहे. शिकण्याची मनापासून इच्छा असलेले तरुण फिटर कारखान्यात आहेत आणि मिस्त्रींचीही शिकवायला ना नाही. मात्र हे काम कोणत्या क्रमाने शिकवावे, याची बसलेली पद्धत आमच्याकडे नाही.

ज्यांचा या कामाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सरफेस प्लेटवर (अचूक सपाट संदर्भ प्लेटवर) किंवा स्ट्रेट एजवर (अचूक सरळ पट्टीवर) निळ्या मार्किंग रंगाचा पातळ थर देऊन ती बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) पृष्ठभागावर घासली, की उंच ठिकाणी रंग उमटतो. तेवढेच ठिपके कार्बाइडच्या पात्याच्या स्क्रेपरने खरवडायचे, कडेला उठलेली धातूची बारीक धार (बर) दगडाने काढायची, पृष्ठभाग पुसायचा आणि पुन्हा रंग घ्यायचा. एका फेरीत जेमतेम काही मायक्रॉन धातू निघतो, त्यामुळे एकाच स्लाइडला अशा असंख्य फेऱ्या लागतात.

हेच काम ग्राइंडिंगवर का करून घेत नाही, असा प्रश्न येईल. जिथे शक्य आहे तिथे आम्ही ते करतोच. परंतु मोठ्या बेडला तेवढेच मोठे ग्राइंडिंग मशीन लागते आणि त्याची जी चूक असेल ती आपल्या बेडवर उतरते. शिवाय स्क्रेप केलेल्या पृष्ठभागावरील उथळ खळग्यांत तेल टिकते, त्यामुळे स्लाइड अडखळत सरकण्याचा दोष कमी होतो. स्पिंडल (मशीनचा फिरणारा मुख्य दांडा) आणि बेड यांची समांतरता जुळवताना एका कोपऱ्यातून नेमका हवा तेवढाच धातू काढायचा असेल, तर स्क्रेपरइतके आटोक्यात राहणारे दुसरे साधन मला माहीत नाही.

खरी अडचण हाताच्या हालचालीत नाही. स्क्रेपर धरणे आणि रेटणे मुलांना लवकर जमते. अवघड आहे ते रंग वाचणे. थर जरा जाड झाला, तर खोल भागही उंच असल्यासारखे दिसू लागतात. स्ट्रेट एज एका टोकाला हलकेच ढकलून ती कुठे टेकून वळते हे पाहिले, की पृष्ठभाग मधे फुगीर आहे की खोलगट, हे कळते: फुगीर असेल तर ती मध्याभोवती फिरते, खोलगट असेल तर दुसऱ्या टोकावर अडून वळते. त्यातच तापमानाचा खेळ असतो. एक मीटर लांबीचे बीड एका अंश सेल्सिअसने तापले तर सुमारे 11 मायक्रॉनने वाढते, म्हणजे पट्टीची एकच बाजू हाताच्या उबेने तापली तरी ती वाकते आणि रंग खोटे बोलतो. मिस्त्रींना हे सगळे एका नजरेत समजते. कसे समजते, असे विचारले तर "रंग नीट बघ" यापलीकडे त्यांना सांगता येत नाही. आम्ही त्यांच्या कामाचे चित्रीकरण केले आहे. त्यात हात उत्तम दिसतो, पण तो अमुक जागी का थांबला, हे त्यातून उलगडत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. शिकाऊ मुलाला सुरुवातीला कोणता तुकडा द्यावा? जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1840 मध्ये मांडलेली तीन प्लेट आलटूनपालटून एकमेकींशी जुळवण्याची रीत मला सर्वांत शास्त्रशुद्ध वाटते, कारण दोनच प्लेट जुळवल्या तर एक फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट राहूनही रंग चांगला उमटू शकतो. मात्र नवशिक्यासाठी ती फार लांबते का? आणि ग्राहकाच्या कामावर शिकू देणे परवडत नाही, कारण खरवडलेला धातू परत लावता येत नाही. मग सरावाच्या तासांचा खर्च छोट्या कारखान्याने कशातून काढावा?

प्रतिसाद

तीन प्लेट पहिल्याच टप्प्यावर देऊ नका. आधी तळहाताएवढा बिडाचा ठोकळा द्या आणि तुमच्याकडच्या चांगल्या सरफेस प्लेटवर त्याचा रंग घ्यायला लावा. 25 मिमी चौरसात 10 ते 15 ठिपके सारखे पसरलेले येऊ लागले, की स्ट्रेट एज आणि अँगल प्लेट (काटकोनी आधार) यांसारखी तुमच्याच कारखान्याला लागणारी साधने त्याला करायला सांगा. ती एरवी विकत घ्यावी लागतात, त्यामुळे सरावाचा बराचसा खर्च तिथेच भरून निघतो. तीन प्लेट त्यानंतर.

रंग वाचायला शिकवण्यासाठी आम्ही एक सक्ती ठेवली आहे. रंग पाहून कुठे किती उंच आहे, हे मुलाने वहीत आधी लिहायचे, मगच डायल गेज (उंचीतला सूक्ष्म फरक दाखवणारे मापक) लावायचा. मिस्त्रींनीही त्याच पानावर आपला अंदाज लिहायचा. दोघांचे अंदाज जिथे वेगळे पडतात, तिथे "तुम्हाला हे कशावरून वाटले?" असा नेमका प्रश्न विचारता येतो आणि नेमक्या प्रश्नाला मिस्त्री उत्तर देतात. तुमच्या चित्रीकरणालाही हीच पाने जोडा.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. वहीची पद्धत लगेच सुरू करतो. स्ट्रेट एजसाठी नवीन ओतकाम घ्यावे का? मशीनिंगनंतर ते हलते, म्हणजे त्याचा आकार बिघडतो, असा आमचा अनुभव आहे.

प्रतिसाद

नवीन घ्यायचे असेल तर रफ मशीनिंगनंतर भट्टीत स्ट्रेस रिलीव्हिंग (तापवून आतले ताण घालवणे) करून घ्या. भंगारात निघालेल्या जुन्या मशीनचे टेबल मिळाले तर ते अधिक चांगले, कारण त्यातील ताण बहुतांशी निवळलेले असतात. मात्र ते कापल्यावर उरलेला ताण मोकळा होतो, म्हणून अखेरच्या स्क्रेपिंगपूर्वी तुकडा काही आठवडे तसाच ठेवा आणि खालच्या बरगड्या शाबूत राहतील असाच कापा.