'हिस्टिओसायटोसिस'ला मराठीत काय लिहायचं?

पारसिक: खारघरच्या एका ओपीडीसाठी पालकांचं पत्रक मराठीत करतेय. आजार 'लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिस'. दुर्मीळ, तान्ह्या मुलांच्या डोक्यावर, काखेत, जांघेत पुरळ आणि खपल्या. मसुद्यात 'ऊतिपेशीबाहुल्य' आहे. चालेल?

येऊरकर: 'ऊती' (टिश्यू) काढू नका! ग्रीक 'हिस्टॉस' म्हणजे माग, त्यावरचं कापड. संस्कृत 'ऊति'सुद्धा विणण्याच्या 'वे' धातूवरून. 'ओतप्रोत'मधला 'ओत' त्यातलाच. इतकी आयती जोडी सोडायची?

कोपरी: जोडी छानच, पण बायोप्सीच्या कागदावर 'ऊतिपेशीबाहुल्य' येणार आहे का? दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्यावर नाव जुळायला हवं. शिवाय मूळ नावच फसवं. जर्मन संशोधक लँगरहॅन्सने 1868 मध्ये त्वचेतल्या, आता त्याच्या नावाच्या, पेशी दाखवल्या, तेही मज्जातंतूंच्या समजून. आजारातल्या पेशी त्वचेतल्या त्या पेशींपासून नव्हे, अस्थिमज्जेतल्या पूर्वपेशींपासून येतात हे आता कळलंय. चुकीच्या पत्त्याचं शुद्ध मराठी करून काय साधणार?

पामबीच: 'खपल्या'ऐवजी 'खवडे' लिहा, घराघरातला शब्द आहे. 'खवले'वरूनच आला असणार.

कोपरी: व्युत्पत्ती तुमची तुम्हाला लखलाभ. खवडे म्हणजे पू धरलेले फोड, निदान आमच्याकडे तरी. आणि 'खवडे' वाचलं की लोक खोबरेल चोपडून गप्प बसतील. त्यापेक्षा खूण लिहा: तेल, बुरशीचा शाम्पू, सौम्य स्टेरॉइड मलम, कशालाच न जुमानणारी खपली, भोवती टाचणीच्या टोकाएवढे लालजांभळे ठिपके, बोटाने दाबले तरी फिके न पडणारे. मग 4 मिमी पंच बायोप्सी (त्वचेचा गोल तुकडा काढून तपासणी), तुकडा 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये, सीडी1ए आणि लँगरिन या आजाराच्या पेशींवरच्या प्रथिनांचे स्टेन (रंगचाचण्या). नुसती वरची खपली खरवडून पाठवली तर निदान हुकू शकतं; खालची त्वचा आलीच पाहिजे.

पारसिक: हे घेते. 'आपोआप बरा होऊ शकतो' ठेवू का?

कोपरी: फक्त त्वचेपुरता असेल तर काही बाळांत जातो, खरं. पण तेवढंच लिहिलंत तर पुढच्या तपासण्यांना कोणी येणार नाही. हाडांचे एक्सरे, रक्त, पोटाची सोनोग्राफी करून आजार आणखी कुठे नाही ना हे बघावं लागतं. त्वचा साफ झाल्यावरही लक्ष ठेवायचं.

येऊरकर: सुमारे निम्म्या रुग्णांत बीरॅफ जनुकात बदल सापडतो, वर्गीकरणही गाठींच्या आजारांत. सरळ 'कर्करोग' लिहा.

पामबीच: बाळाच्या पुरळावर 'कर्करोग'? आई दारातच बसकण मारेल.

पारसिक: या आजारात होऊ शकणाऱ्या 'डायबेटीस इन्सिपिडस'चं मसुद्यात 'मधुमेह' केलंय, ते आत्ता दिसलं.

कोपरी: ते आधी काढा! साखरेचा काही संबंध नाही. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीकडून पाणी धरून ठेवणारं हार्मोन कमी पडतं. मूल सारखी सू करतं आणि पाण्यासाठी रडतं. 'सू फार होते' म्हणून घरच्यांनी पाणी तोडलं तर सोडियम चढून जिवावर बेतेल.

येऊरकर: 'उदकमेह' लिहा, आयुर्वेदात तयार शब्द आहे.

कोपरी: तो आयुर्वेदातल्या वीस प्रमेहांपैकी (लघवीच्या विकारांपैकी) एक. हाच आजार कशावरून?

येऊरकर: आणि नाहीच कशावरून?