लखनौच्या आधीचा आउट्रम

जेम्स आउट्रम या ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचा उल्लेख बहुधा १८५७ च्या उठावातल्या लखनौच्या लढाईपुरताच येतो, म्हणून त्याआधीची थोडी भर घालतो. हा १८१९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी मुंबईच्या फौजेत आला. १८२५ पासून साधारण दहा वर्षं खानदेशात होता. धरणगावला त्याने भिल्ल पलटण उभी केली. आधी ज्यांच्यावर चढाई केली त्यांनाच भरती केलं, त्यांच्यात राहिला, त्यांना घेऊन वाघाच्या शिकारीला गेला. विश्वास असा बसला. पण ती पलटण होती भिल्लांनाच काबूत ठेवण्यासाठी, हे विसरून चालणार नाही.

पुढे सिंधमध्ये, तो प्रांत जिंकणाऱ्या इंग्रज सेनापती चार्ल्स नेपियरशी वाजलं. सिंधच्या अमिरांवर, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्यांवर, अन्याय झाला असं आउट्रमने उघड मांडलं. बडोद्यात रेसिडेंट (दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी) असताना 'खटपटी'चा, म्हणजे लाचखोरीचा अहवाल मुंबई सरकारला पाठवला, तर त्यालाच हटवलं. इथपर्यंत मला त्याच्याबद्दल आदर वाटतो.

मात्र १८५६ मध्ये अवध गिळणारा करारनामा घेऊन वाजिद अली शाहसमोर उभा होता तो हाच. नवाबाने सही नाकारली आणि डोक्यावरची पगडी काढून आउट्रमच्या हातात ठेवली. सिंधच्या अमिरांसाठी भांडलेल्या माणसाचा अहवाल इथे मात्र राज्य ताब्यात घेण्याच्याच बाजूने होता, हे मला फार खुपतं.