एका दूरदर्शनवर इतक्या भाषा कशा मावल्या?

प्रश्न : लहानपणी आमच्याकडे संध्याकाळी सातला मराठी बातम्या लागायच्या. आजी पदर सावरून समोर बसायची. पुढे दिल्लीचे हिंदी कार्यक्रम सुरू झाले की उठून आत जायची, तिला हिंदी समजत नसे. हे असं कधीपासून ठरलं?

उत्तर १ : १५ ऑगस्ट १९८२ पासून. दिल्लीचा ‘राष्ट्रीय कार्यक्रम’ उपग्रहावरून देशभर जाऊ लागला. मुंबई केंद्र त्याआधी दहा वर्षं, २ ऑक्टोबर १९७२ पासून चालू होतं आणि मराठी, हिंदी, गुजराती अशी वेळ वाटून घेत होतं. वाहिनी एकच, त्यामुळे एका भाषेला अर्धा तास दिला की तो दुसरीचा जाणार.

उत्तर २ : तंत्राने यावर एक सुरेख वाट १९७५-७६ मध्येच दाखवली होती. ‘साइट’ या खेड्यांसाठीच्या शैक्षणिक दूरदर्शन प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचले. एका चित्राबरोबर दोन आवाज पाठवता येत. म्हणजे चित्र तेच, आंध्रातल्या गावात तेलुगू आणि कर्नाटकात कन्नड! मला आजही याचं फार अप्रूप वाटतं. हे पुढे रोजच्या प्रसारणात रुजायला हवं होतं.

उत्तर १ : मराठीला स्वतंत्र वाहिनी मिळाली ती नव्वदच्या दशकात, तीच आजची सह्याद्री.

प्रश्नकर्ता : तोवर आजी गेली होती. दुसरा आवाज मराठी असता, तर ती बसून राहिली असती.