शेतीपंपाची वीज मोजायची की अंदाजाने धरायची?

रानातला_पंप (सांगली):
केंद्राचं सांख्यिकी मंत्रालय दरवर्षी ऊर्जेचा ताळेबंद काढतं. कोळसा, तेल, गॅस, वीज असे रकाने. उद्योग, वाहतूक, शेती, घरगुती अशा ओळी. माझं स्पष्ट मत आहे: शेतीच्या ओळीतला विजेचा आकडा जोवर मीटरवरून येत नाही, तोवर त्यावर धोरण ठरवू नये.

आमच्याच रानातलं सांगतो. कनेक्शन ५ एचपीचं, मीटर नाही, हिशेब एचपीवर. मोटर दोनदा जळली, दोन्ही वेळा रिवाइंडिंग करताना तार बदलली. आता ती किती ओढते ते मलाही ठाऊक नाही. पेटीत ऑटो लावलाय. रात्री थ्री फेज आली की मोटर आपोआप सुरू होते आणि सऱ्या भरून वाहिल्या तरी चालूच राहते. या मोटरीचे वर्षाचे युनिट कागदावर येतात कसे? एचपी गुणिले मानलेले तास. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेच्या ऊर्जा गटाने हे कैक वर्षं मांडलंय की मीटर नसलेल्या शेतकऱ्याच्या नावावर गळती आणि चोरी खपवता येते. सबसिडी खाल्ल्याचा ठपका मात्र आमच्यावर.

फीडरवाला:
दादा, ठपक्याचं दुःख समजतं, पण उपाय पटत नाही. राज्यात ७.५ एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज एप्रिल २०२४ पासून लागू आहे, लाभार्थी सुमारे ४४ लाख. एवढे मीटर रानात, पावसात, उंदरांच्या तोंडी टिकवायचे आणि दर तिमाहीला चिखल तुडवत वाचायचे? बिलच नसेल तर बंद पडलेल्या मीटरची तक्रार तरी कोण करणार? शेतीचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनी, वेगळे केलेत तिथे उपकेंद्रात ११ केव्हीच्या तोंडाशी मीटर आहेच. त्यातून लाइनची गळती वजा करा. एकेका पंपाचा अंदाज चुकेल, बेरीज चुकणार नाही. ताळेबंदाला बेरीजच लागते.

रानातला_पंप:
‘गळती वजा करा’ म्हणता, ती किती टक्के हेही मानलेलंच ना? आमच्या फीडरवर वस्तीवरची घरं आहेत, दोन पोल्ट्र्या आहेत. सगळं शेतीत जातं.

चुलीशेजारी (नंदुरबार):
तुम्ही दोघे विजेवर भांडताय, घरगुती ओळीकडेही बघा. धडगावकडे एका घरी आठवडाभर काटा घेऊन सरपण तोललं. माणसं सहा, लाकूड दिवसाला ७ किलोच्या आसपास. किलोला १५ मेगाज्यूल (ऊर्जेचं माप) धरले तर रोजचे १०५. घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण ६५० असतात. म्हणजे त्या घराने सहा-सात दिवसांत एका सिलिंडरइतकी ऊर्जा जाळली! पण तेवढ्यात शिजलं काय? भाकरी, आमटी, अंघोळीचं पाणी. चुलीची बहुतेक आच धुरासकट छपरातून जाते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था भारताच्या ताळेबंदात सरपण धरते, आणि तिथे त्या घरातली चुलीवरची बाई गॅसवाल्या शहरी घरापेक्षा उधळी दिसते. आत गेलेलं इंधन मोजून भागत नाही, भांड्याला लागलेली आच मोजा.

फीडरवाला:
ताई, तोललंत हे मोठं काम केलंत. पण भांड्याला लागलेली आच देशभर मोजणार कशी? प्रत्येक चुलीची कार्यक्षमता गृहीतच धरावी लागेल. आत गेलेलं इंधन निदान तोलता येतं.

डिझेल_हिशेबी:
अंदाज म्हणजे थाप नव्हे. पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन कक्षाने नील्सन या सर्वेक्षण कंपनीकडून २०१३ मध्ये पंपापंपांवर विचारणा करवली. डिझेलचं ७० टक्के वाहतुकीत आणि सुमारे १३ टक्के शेतीत जातं, असं निघालं. त्याआधी किरकोळ पंपावरचं डिझेल कुठे जातं हे कुणी नीट सांगू शकत नव्हतं. नमुना चांगला घेतला की मीटरशिवायही चित्र उभं राहतं. फक्त तो वारंवार घ्यायला हवा.

रानातला_पंप:
ठीक, मग सांगा. माझा ट्रॅक्टर सकाळी नांगरट करतो, दुपारी ऊस भरून कारखान्यावर जातो. टाकी एकच. डिझेल शेतीचं की वाहतुकीचं? आणि शेजारच्या गुऱ्हाळाच्या चुलाणात दिवसभर वाळलेलं चिपाड जळतं. ते विकत घेतलेलं नाही, पावती नाही. ते कुठल्या ओळीत?

डिझेल_हिशेबी:
टाकीचं ज्याला विचाराल तो वेगळं सांगेल, मान्य. चिपाडाचं मात्र काढता येतं: उसाचं वजन माहीत असतं, रस किती निघाला तेही.

फीडरवाला:
दादा, एक करून बघाल? पेटीत तासमीटर बसवा, मोटर किती तास चालली ते तो मोजतो, फार महाग नसतो. आठवड्यातून दोनदा तिन्ही फेजचे अँपिअर क्लॅम्पमीटरने (तारेभोवती अडकवायचा मीटर) घ्या आणि व्होल्टेजही लिहा, कारण रात्री ते बदलतं. मी आमच्या फीडरचे त्याच महिन्यांचे आकडे काढतो.

रानातला_पंप:
बसवतो. उसाची लागण संपली की लगेच. मार्च ते मे तिन्ही महिने लिहून ठेवीन, ऑटो बंद ठेवलेल्या रात्रींसकट.

चुलीशेजारी:
मीही पावसाळ्यात पुन्हा काटा घेऊन जाते. ओलं लाकूड जास्त लागतं म्हणतात बायका.